गुरुजींची आडवी सीट

हे मी खरं तर सांगायचं नव्हतं. नंदूकाकाने घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवलंय, "बाहेर कुठे बोलायचं नाही. एकाला कळलं की अख्खा ब्रह्मा घाट माझ्याकडे विमानाचं तिकीट मागायला येईल." मला वेगळं बजावण्याची गरज त्याला वाटली नाही. मी अकरावीत आहे आणि मुक्ता काही बोलत नाही, असं आमच्या घरात सगळे धरूनच चालतात. त्यामुळे माझ्यासमोर सगळे सगळं बोलतात.

पण न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. नंदूकाकाच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट्स साठतात तसेच. कुणी मुद्दाम देत नाही, रोजचं काहीतरी चाललेलं असतं आणि आपल्याकडे आपोआप भर पडत राहते. फरक इतकाच की पॉइंट्सना मुदत असते. किश्शांना नसते, ते नुसते आत बसून राहतात. म्हणून लिहून टाकते.

* * *

सुरुवात गुरुजींपासून करायला हवी, कारण हे सगळं त्यांच्या कंबरेमुळे झालं.

गुरुजी इथे बनारसमध्येच, आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि वेदपाठशाळेत शिकवतात. काही वर्षांपूर्वी गंगास्नान करून येताना बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर ते घसरले. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहा, चाला, झोपा, फक्त बसू नका. बसले की थोड्याच वेळात पायात अशी कळ जाते की त्यांचा चेहरा पांढरा पडतो. तेव्हापासून ते लाकडी चौकीवर कुशीवर पडून, एका हातावर डोकं टेकवून शिकवतात. समोर मुलं मांडी घालून बसतात.

एकदा पुण्याहून कुणी पाहुणे पाठशाळा बघायला आले. गुरुजींना तसं पाहून त्यांनी एका विद्यार्थ्याला हळूच विचारलं, "गुरुजींना बरं नाही का?"

तो म्हणाला, "बरे आहेत. आमच्या पाठशाळेत शेषशायी पद्धत आहे."

गुरुजी आणि मंदाकाकूंची एकुलती एक मुलगी, शुभाताई, टोरांटोला असते. तिच्या तिकडच्या कागदपत्रांचं काही अडकलं होतं आणि ते सुटेपर्यंत तिला देश सोडता येत नव्हता. तिची मुलगी रेवा तिकडेच जन्मली. रेवाने आजोबांना फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, आणि तेही नेहमी आडवे. आधी ती फोन तिरका करून बघायची. मग तिने स्वतःच उपाय शोधला. आजोबांचा फोन आला की ती जमिनीवर आडवी होते, एक हात डोक्याखाली घेते आणि मग बोलायला लागते.

शुभाताई म्हणाली, "बाबा, हिला वाटतं आजोबांशी बोलायचं तर असंच करावं लागतं."

गुरुजी खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मंदाकाकूंनी नंदूकाकाला विचारलं, "नंदू, टोरांटो किती लांब रे?"

"दिल्लीहून जवळजवळ अख्खा दिवस, काकू."

"एवढंच ना?"

"बसून," नंदूकाका म्हणाला.

* * *

नंदूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो बँकेत आहे, लग्न केलेलं नाही, आणि त्याच्या हातात सतत फोन असतो. त्या दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "विमानात आडवं होता येतं. फर्स्ट क्लासमध्ये. सीटची गादी होते, वर चादर घालून देतात."

बाबा रेल्वेत आहेत. ते म्हणाले, "आमच्या रेल्वेत स्लीपरवालासुद्धा आडवा होऊन जातो. त्यासाठी एवढा थाट कशाला?"

"दादा, टोरांटोला रूळ नाहीत."

मग नंदूकाकाने फोनवर तिकिटाचा भाव दाखवला. बाबांनी चष्मा वर केला, फोन जवळ नेला, लांब धरला आणि विचारलं, "हे एका सीटचं आहे की विमानाचं?"

"पैशांनी कोण घेतंय," नंदूकाका म्हणाला. "पॉइंट्सनी घ्यायचं."

योजना अशी होती. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांनी मोठी खरेदी नंदूकाकाच्या कार्डावर करायची आणि त्याला तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवायचे. कुणाचंच नुकसान नाही. पॉइंट्स कार्डावर साठतील, मग ते विमानाच्या माइल्समध्ये बदलायचे आणि गुरुजींना आडवं करून टोरांटोला न्यायचं.

तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यात मोठी वस्तू कुणीच परस्पर घेतली नाही. आई वॉशिंग मशीनच्या दुकानात जाऊन, मशीन पसंत करून, त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "बहनजी, पैक कर दें?" आई म्हणाली, "रुकिए, देवर जी आ रहे हैं."

बाबांच्या दाढेचं तर विचारूच नका. गाल सुजलेला, तोंडात लवंग, आणि डॉक्टरीणबाई तयार. पण बँकेत गर्दी होती आणि नंदूकाका निघू शकत नव्हता. रूट कॅनलचे पॉइंट्स सोडायचे कसे? बाबा बाहेरच्या बाकावर गाल धरून बसून राहिले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "आपको दर्द नहीं हो रहा?"

बाबा कसंबसं तोंड उघडून म्हणाले, "हो रहा है. लेकिन गुरुजी का ज़्यादा है."

* * *

मैदागिनच्या चौकात छेदीचं पानाचं दुकान आहे. नंदूकाका तिथे वर्षानुवर्षं पान खातो. पॉइंट्सचं वेड अगदी भरात असताना त्याने छेदीसमोरही कार्ड धरलं.

छेदीने पानाला चुना लावता लावता कार्डाकडे पाहिलं, मग नंदूकाकाकडे. "भइया, पान खाना है कि दुकान खरीदनी है?"

"मशीन रख लो, छेदी. सब रखते हैं."

"मशीन रखेंगे तो पान कहाँ रखेंगे?"

मी शेजारी उभी होते. मला हसू आलं, पण छेदीचं लक्ष गेलं तशी मी दुसरीकडे बघितलं. तो म्हणाला, "बिटिया बोलती नहीं है क्या?" नंदूकाका म्हणाला, "हमारे यहाँ का पूरा बैलेंस इसी के पास है. खर्च नहीं करती."

* * *

सगळं जमत आलं, आणि मग गुरुजीच नाही म्हणाले.

ही अडचण कुणाच्या लक्षातच आली नव्हती. गुरुजी दान घेत नाहीत. जिथे पाठ म्हणतील तिथली दक्षिणा तेवढी घेतात, एरवी कुणी शाल दिली तरी परत पाठवतात. नंदूकाका त्यांच्या चौकीपाशी बसून तासभर समजावत होता. मी मंदाकाकूंबरोबर वाटाणे सोलत होते.

"गुरुजी, हे दान नाही. कुणी तुम्हाला काही दिलेलंच नाही. ज्याला जे घ्यायचं होतं ते त्याने घेतलं."

"कुणाच्या खिशातून काही गेलं नाही?"

"नाही."

"आणि मला मात्र मिळणार?"

"हो."

"मग ही माया झाली, नंदू. ब्रह्मा घाटावर राहून मी मायेच्या विमानात बसू?"

"बसायचं नाही, गुरुजी. झोपायचंय."

मंदाकाकूंनी वाटाण्याची पाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही नाही गेलात तर पोर मोठी होईल आणि मग तिला आडवं होऊन बोलायची लाज वाटेल. तेवढं फक्त ध्यानात घ्या."

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला. ज्या ज्या घरच्या खरेदीतून पॉइंट्स आले, त्या प्रत्येक घरी जाऊन ते एक दिवस पाठ म्हणणार. मगच तिकीट.

आमच्याकडे आले तेव्हा आईने दिवाण टीव्हीखालून ओढून खोलीच्या मध्यभागी आणला होता. गुरुजी त्यावर कुशीवर पडले, डोळे मिटले आणि पाठ सुरू झाला. अगदी तसाच खणखणीत आवाज. वॉशिंग मशीन शेजारीच होतं. त्यालाही आईने हळदकुंकू लावलं होतं, कारण शेवटी बरेचसे पॉइंट्स त्याचेच.

पाठ संपल्यावर आईने तबकात दक्षिणा ठेवून पुढे केली. गुरुजींनी तबक हळूच परत सरकवलं.

"ती कार्डावर पोचली," ते म्हणाले.

* * *

पॉइंट्सनी मिळणाऱ्या फर्स्ट क्लासच्या सीट्स रोज नसतात. कधीतरी एखादी अचानक दिसते आणि बघता बघता जाते. नंदूकाका रोज सकाळी उठल्यावर आधी सीट बघायचा, मग चहा घ्यायचा. त्याच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळायचं. आई विचारायची, "आज उघडली का?" जसं काही देवळाचं दार.

पहिल्यांदा उघडली तेव्हा तो चप्पलही न घालता गुरुजींकडे धावला. गुरुजींनी पंचांग मागवलं.

"शुक्रवार आहे. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. जाता येणार नाही."

"गुरुजी, सीट आत्ता आहे."

"दिशाशूळही आत्ताच आहे."

नंदूकाका उभ्याउभ्या घामाघूम झाला. "विमानवाले पंचांग बघत नाहीत, गुरुजी."

"म्हणूनच उशिरा सुटतात," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात सीट गेली.

दुसऱ्यांदा अमावास्या निघाली. तिसऱ्यांदा नंदूकाकाने आधीच पंचांग बघून ठेवलं, वार चांगला, तिथी चांगली, आणि तो गुरुजींकडे पोचेपर्यंत सीट दुसऱ्याच कुणीतरी घेतली. त्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर बसून बाबांना म्हणाला, "पॉइंट्सना मुदत आहे, दादा. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर सगळं शून्य. तुझी दाढसुद्धा."

बाबांनी नकळत गालाला हात लावला.

* * *

यातून वाट काढली ती गुरुजींनीच. ते म्हणाले, याला शास्त्रात सोय आहे. चांगला मुहूर्त बघून प्रस्थान ठेवायचं.

प्रस्थान म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. ज्या दिवशी मुहूर्त चांगला आहे पण निघणं शक्य नाही, त्या दिवशी आपली एखादी वस्तू घरातून काढायची आणि ज्या दिशेला जायचंय त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो असंच मानतात. मग उरलेले आपण कधीही निघालो तरी वार-तिथी बघावी लागत नाही.

मंदाकाकूंनी एका निळ्या कापडी पिशवीत सुपारी, हळकुंड, अक्षता आणि गुरुजींचं एक उपरणं घातलं. चांगल्या मुहूर्तावर ती पिशवी माझ्या हातात दिली. मला का, तर मी वाटेत कुणाशी बोलणार नाही म्हणून. मी ती पश्चिमेला, म्हणजे आमच्याच घरी आणली.

पण याही गोष्टीला मुदत असते. पिशवी एकाच घरी पडून राहून चालत नाही, थोड्या दिवसांनी तिने पुढे सरकायला हवं. नंदूकाका म्हणाला, "वा. म्हणजे इथेही एक्सपायरी आहे." त्याने ती उचलून बँकेत नेली आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवली, कारण त्याची बँक आमच्या घराच्या पश्चिमेला आहे.

एकदा मॅनेजरना त्याच्या खणात स्टेपलर शोधताना ती पिशवी सापडली. त्यांनी उघडून पाहिलं. सुपारी, हळकुंड, उपरणं.

"नंदकिशोर जी, ये क्या है?"

"सर, एक बुज़ुर्ग हैं. कनाडा जा रहे हैं. यहाँ तक पहुँचे हैं."

मॅनेजरनी पिशवी नीट बांधून परत ठेवली. मूळचे बनारसचेच ते.

* * *

सीट मिळाली ती गणपतीत.

आमच्या मंडळाची आरती चालली होती. नंदूकाकाच्या एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात फोन. अचानक त्याचे टाळ थांबले. मी त्याच्या शेजारीच होते, मला स्क्रीन दिसली. आडवी सीट. आणि त्याच विमानात मागे मंदाकाकूंसाठी साधी.

त्याने तिथल्या तिथे बुकिंग सुरू केलं. पॉइंट्स आधीच माइल्समध्ये बदलून ठेवलेले होते, पण वरचा कर कार्डाने भरायचा होता, आणि त्यासाठी येणारा ओटीपी बाबांच्या फोनवर येत होता, कारण नंदूकाकाचा नंबर तेव्हा बदलायला दिला होता. बाबा गणपतीच्या उजव्या हाताला, मधे सगळी गर्दी, झांजा, घंटा. नंदूकाकाने खुणा केल्या. बाबांनी फोन काढला, आकडे पाहिले. ओरडून सांगितलं तर आरतीत व्यत्यय. मग त्यांनी ते आकडे आरतीच्या चालीत म्हटले.

शेवटच्या रांगेला वाटलं नवीन कडवं आहे. त्यांनी ते उचललं. त्यांचं ऐकून पुढच्यांनी उचललं. अख्ख्या मंडळाने टाळ्यांच्या ठेक्यावर नंदूकाकाचा ओटीपी म्हटला, दोनदा.

बुकिंग झालं. नंदूकाका मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसला. आईला वाटलं आनंदाने डोळ्यांत पाणी आलं असेल.

"वहिनी," तो म्हणाला, "दिवसभर बँकेत लोकांना मी एकच सांगतो, ओटीपी कुणाला सांगू नका."

* * *

निघायच्या दिवसापर्यंत गुरुजी आणि मंदाकाकूंचं एकाच गोष्टीवरून बिनसलेलं होतं. गुरुजींचं म्हणणं, मी पुढे गादीवर आणि ही मागे कोंबून बसलेली, हे बरं दिसत नाही.

मंदाकाकू डबे भरता भरता म्हणाल्या, "लग्नापासून मी तुमच्या मागेच चालते आहे. आता विमानात तेवढं मनाला लावून घेऊ नका."

दिल्लीपर्यंत रेल्वे होती. बाबांनी खालचा बर्थ मिळवला होता आणि स्टेशनवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तो रविवार होता. रविवारीही पश्चिमेला दिशाशूळच, पण आता चिंता नव्हती, कारण गुरुजी कधीचेच निघालेले होते. त्यांना हळूहळू चालावं लागतं म्हणून बाबा त्यांना घेऊन आधीच मैदागिनकडे गेले. तिथून पुढे रिक्षा मिळते. मागे गल्लीत मंदाकाकू, आई, नंदूकाका, बॅगा आणि पोचवायला आलेली निम्मी गल्ली.

आईने मंदाकाकूंच्या हातावर दही घातलं. काकूंनी ते खाल्लं, पर्स उघडली, आपला पासपोर्ट बघितला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"यांचा पिशवीत आहे," त्या म्हणाल्या.

"कुठल्या पिशवीत?"

"प्रस्थानाच्या. व्हिसा लागून आला तेव्हा मी तुझ्या बँकेत येऊन घातला नव्हता का, नंदू? म्हटलं, प्रवासाला सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. ती आधी निघायला हवी."

नंदूकाकाचा चेहरा बघवत नव्हता. "काकू, पिशवी माझ्या खणात आहे. आज रविवार. बँक बंद."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. मॅनेजरना फोन लावला, ते प्रयागराजला होते. चौकीदाराचा नंबर कुणाकडे नव्हता. कुणी म्हणालं कुलूप तोडा, कुणी म्हणालं बँकेचं कुलूप तोडलं तर गुरुजींच्या आधी नंदूच आत जाईल. मंदाकाकू पायरीवर बसल्या. त्या रडत नव्हत्या. मांडीवरचा मेतकुटाचा डबा उगाच उघडत होत्या आणि बंद करत होत्या.

पिशवी कुठे आहे ते मला माहीत होतं.

शुक्रवारी गुरुजींनी मला चौकीपाशी बोलावलं होतं. "मुक्ता, मुदत संपते आहे. पिशवी पुढे ने." मी बँकेत गेले. नंदूकाका जेवायला गेला होता. शिपाईमामा मला ओळखतात, त्यांनी खण उघडून दिला. मैदागिनला ओळखीच्या गाडगीळांकडे ठेवायची म्हणून गेले तर त्यांच्या दाराला कुलूप. म्हणून चौकात छेदीकडे ठेवली. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "पिशवी बँकेत नाहीये."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. माझ्या पुढे आई होती, आईपुढे नंदूकाका, आणि सगळे एकदम बोलत होते. माझा आवाज माझ्या स्वतःच्याच कानापर्यंत जेमतेम येत होता. मंदाकाकूंनी पुन्हा डबा उघडला. तेव्हा मी पायरीवर चढले आणि ओरडले, "छेदीकडे आहे! पानवाल्याकडे!"

गल्ली गप्प झाली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "कोण बोललं?"

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "आमची मुक्ता."

* * *

आम्ही मैदागिनला पोचलो तेव्हा बाबा आणि गुरुजी छेदीच्या दुकानाशेजारीच रिक्षाची वाट बघत उभे होते. त्यांना काहीच कल्पना नव्हती. छेदीने पिशवी आत लक्ष्मी-गणेशाच्या तसबिरीशेजारी ठेवलेली. तिला रोज उदबत्ती ओवाळत होता म्हणे.

त्याने पिशवी दोन्ही हातांनी काढून गुरुजींना दिली. "आधे गुरुजी तो परसों से यहीं बैठे हैं. हम सोच रहे थे, बाकी कब आएँगे."

मंदाकाकूंनी पासपोर्ट काढून कपाळाला लावला. नंदूकाका अजून धापा टाकत होता. म्हणाला, "छेदी, क्या खिलाएँ तुमको? जो बोलो."

छेदीने गल्ल्याखालून एक नवं कोरं कार्डाचं मशीन काढून ठेवलं.

"पान ही खा लीजिए, भइया. अब तो ले लिए हैं."

* * *

विमानातलं आम्हाला मंदाकाकूंनी फोनवर सांगितलं. गुरुजींना पुढे बसवायला नेलं, म्हणजे झोपवायलाच. एका मुलीने सीटची गादी केली, चादर घातली, उशी दिली, आणि जेवायला काय काय आहे ते सांगायला लागली. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेरा मेतकूट पीछे है."

तिला वाटलं मेतकूट हे कुणाचं तरी नाव आहे. ती मागे येऊन एकेकाला विचारत गेली. मंदाकाकूंनी हात वर केला.

मग वाटभर ती मुलगी ये-जा करत होती. पुढून निरोप, "पाय दुखतात का विचारतायत." मागून निरोप, "कूस बदलायला सांगा." डबा तिने पुढे नेला तो ट्रेमधून, खाली पांढराशुभ्र रुमाल अंथरून, शेजारी चमचा ठेवून.

"इतकी वर्षं करते आहे," मंदाकाकू आईला म्हणाल्या, "पण माझ्या मेतकुटाला रुमाल कुणी घातला नव्हता ग."

गुरुजींना झोप लागली का, असं आईने विचारलं. काकू म्हणाल्या, "मुलगी शेवटी निरोप घेऊन आली. म्हणाली, खूप छान झोपलेत. आणि हलक्या आवाजात विचारते कशी, झोपेत काहीतरी म्हणतायत, ते गाणं आहे का?"

* * *

आणि आता सगळ्यात चांगला. हा शुभाताईने व्हिडिओ करून पाठवला, आणि आमच्या घरात तो इतक्यांदा बघून झालाय की बाबांना त्यातले सगळे आवाज पाठ झालेत.

टोरांटोचा विमानतळ. मोठी काचेची दारं. चित्र हलतंय. रेवा पुढे उभी आहे, लाल कोट, हातात मराठीत लिहिलेला 'आजोबा' असा कागद, जो तिने उलटा धरलाय. दारं उघडतात. आधी मंदाकाकू दिसतात, खांद्याला पर्स आणि तीच निळी पिशवी. त्यांच्या मागून विमानतळाचा एक माणूस चाकांची खुर्ची ढकलत आणतो. खुर्ची गुरुजींसाठी असते, पण रिकामी. गुरुजी तिच्या दांडीला धरून, धोतर, वर शुभाताईचा इथे घरी राहिलेला जुना कोट, हळूहळू चालत येतायत. उभे.

रेवा त्यांच्याकडे बघते. मग आईकडे बघते. तिने त्यांना कधी उभं पाहिलेलंच नाही. शुभाताईचा आवाज येतो, "अग, जा ना, आजोबा." रेवा पुढे जात नाही. ती कागद बाजूला ठेवते आणि त्या चकचकीत फरशीवर, लोकांच्या बॅगांच्या मधोमध, नीट कुशीवर आडवी होते, एक हात डोक्याखाली घेते आणि वाट बघते.

खुर्ची ढकलणारा माणूस थांबतो. मंदाकाकू तोंडावर पदर घेतात. गुरुजी, जे घरात चटईसुद्धा धुऊन घेतात, ते त्या फरशीकडे एकदा बघतात, मग रेवाकडे, खुर्चीची दांडी सोडतात, एक गुडघा टेकतात, आणि...

आई हाक मारते आहे. "मुक्ता, अग ये लवकर, शुभाचा फोन आहे. रेवा विचारते आहे, पिशवीवाली ताई कुठे, तिच्याशीच बोलायचंय म्हणते, आणि ती खाली झोपली पण आहे, तू सुद्धा आडवी हो!"